मधला लाल थर

१

माझ्या घरात भांड्यांपेक्षा दगड जास्त होते. फळीवर दगड, खिडकीत दगड, पिठाच्या डब्यामागं दगड. आमचे शेषराव मास्तर बुलढाण्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. महाराष्ट्र नवा होता, शाळेत नवे नकाशे आले होते, आणि मास्तरांना वाटायचं, आता सगळा जिल्हा आपणच पायी पालथा घातला पाहिजे. सुट्टी लागली की पिशवी घेऊन निघाले डोंगरात. येताना माणसं भाजीपाला आणतात, हे धोंडे आणायचे. मी चिडले की म्हणायचे, "कोकिळा, हा दगड तुझ्यामाझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. जरा अदबीनं बोल." घरातही असं पुस्तकी बोलणं. मी आपली साधी वऱ्हाडी. "मंग त्याच्या पाया पडू काय?" म्हणायची, आणि मग आम्ही दोघंही हसायचो.

त्या माघात माझे सासरे, पुंजाजी, गावी वारले. वय झालं होतं, पण शेवटी फार हाल झाले हो त्यांचे. घशाखाली काही उतरेना. पाणी पाणी करायचे, आणि चमचा ओठाला लावला की पाणी गालावरून उशीवर. उशाशी मीच बसलेली असायची, "घ्या मामाजी" म्हणत. ते सगळं आटोपून, दहावं-तेरावं करून आम्ही बुलढाण्याला परत आलो, आणि त्यानंतर आमच्या घरातलं पाणी कमी होऊ लागलं.

सकाळी उठावं, माठावरची झाकणी काढावी, तर आत तळ दिसायचा. आधी वाटलं माठ झिरपतो. माठाखाली कोरडी राख पसरली, राख कोरडीच राहिली. मग मांजरीवर संशय घेतला, पण झाकणी उचलून, पाणी पिऊन, झाकणी परत ठेवणारी मांजर मी तरी पाहिलेली नाही. शेजारणीवरही घेतला, खोटं कशाला बोलू? स्वयंपाकघराला कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी कुलूप जागच्या जागी, माठ रिकामा, आणि जमिनीवर एक थेंब सांडलेला नाही.

"मास्तर, तुमी राती उठून पानी पेता काय?" मी विचारलं.

"नाही," म्हणाले.

ते खरंच बोलत होते. मास्तर दिवसासुद्धा पाण्याला तोंड लावेनासे झाले होते. पेला दिला की हातात धरून बसायचे आणि कुठल्याशा विचारात तसाच खाली ठेवायचे. थोड्या वेळानं पाहावं तर पेला कोरडा. यांचे ओठ मात्र फुटलेले, गाल बसलेले. आवाज असा खोल गेला की वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेना. डॉक्टर म्हणाले, रोग काही दिसत नाही, वडिलांचा धक्का आहे. मला पोरबाळ नाही, माहेर कधीच उठलं. माझं म्हणावं असं हे एकच माणूस, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत वाळत होतं. मी रागवायची, रडायची, शेगावला जाऊन नवस बोलून आले. काही फरक नाही.

२

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मास्तर म्हणाले, "चल, तुला रांजणदरी दाखवतो."

मी थक्क. इतक्या वर्षांत हा माणूस मला कधी डोंगरात घेऊन गेला नव्हता. रांजणदरी म्हणजे माझ्या सासरच्या गावाच्या वर, नदीनं डोंगर कापून केलेली खोल घळ. सासरी असताना मी तिचं नाव ऐकलं होतं, पाहिली कधीच नव्हती. म्हटलं, फिरून याला बरं वाटणार असेल तर मी सपाता घालून दिल्लीपर्यंत चालेन.

एस.टी.नं गावी गेलो. धाकटे दीर कारभारी घरीच होते. त्यांनी चहा केला, भाकरी-ठेचा बांधून दिला, कापडी छागळ पाण्यानं भरून दिली. "एवढ्या उन्हात दरीत काऊन जाता बाप्पा?" त्यांनी विचारलं. मास्तर बशीतल्या चहाकडं पाहत राहिले.

कारभारी माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, खरं सांगू काय, आबाच्या दहाव्याचं माह्या मनातून जात नाई. भात मांडला, कावळे बाभळीवर बसून राह्यले, पण एकानं चोच नाई लावली. शेवटी गवताचा कावळा करून शिववलं. आबाचा जीव कायच्यात अटकला होता, काय मालूम."

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चल. ऊन चढेल."

३

वाट गावामागून निघते, सीताफळीच्या झुडपांतून चढते आणि एका वळणावर एकदम उघड्यावर येते. तिथं मी पहिल्यांदा दरी पाहिली आणि "माय व!" म्हणून खालीच बसले. पायाखाली जमीन संपलेली. पलीकडं उभी भिंत, आणि ती भिंत पट्ट्यापट्ट्यांची. काळा पट्टा, मग लाल, मग पुन्हा काळा, असं थेट तळापर्यंत. तळाला उन्हाळ्यानं आटलेली नदी, खडकातल्या खळग्यांत हिरवं पाणी धरून बसलेली.

आणि मास्तर बोलू लागले. कितीतरी दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज ऐकला. हात लांब करून दाखवत होते, "तो काळा दिसतो ना, तो एका वेळचा रस. जमीन फाटून वितळलेला दगड बाहेर आला, पसरला, थिजला. मग शांतता. हजारो वर्षं काही नाही. पाऊस पडला, दगड कुजला, माती झाली, गवत उगवलं. आणि मग पुन्हा वरून दुसरा रस आला. खालची माती भाजून लाल झाली. तो लाल पट्टा म्हणजे मधला काळ. एक संपलं होतं आणि दुसरं सुरू झालं नव्हतं, तेव्हाची जमीन."

"मंग त्या जमिनीवर जे काई होतं, त्याचं काय झालं?" मी विचारलं.

मास्तरांनी लांब केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "दाबलं गेलं. आहे तिथंच."

मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं, कारण चेहरा पुन्हा विझला. पण तेवढ्यापुरती मी सुखावले होते, हे सांगायला पाहिजे. वाटलं, माणूस परत येतोय.

पुढं वाट त्याच लाल थरातून जाते. वरचा काळा खडक टणक, तो छपरासारखा पुढं आलेला, आणि खालची लाल माती वाऱ्यापाण्यानं खाल्लेली. त्यामुळं डोंगराच्या पोटात लांबच लांब कपार झालेली. एका अंगाला लाल भिंत, दुसऱ्या अंगाला दरी, डोक्यावर काळं दगडी छत. एका वेळी एकानंच चालावं एवढी वाट. आत शिरताच ऊन तुटलं आणि आवाज बदलला. बोललेलं भिंत पिऊन टाकायची, पावलं मात्र मोठी ऐकू यायची.

मास्तर पुढं, मी मागं. छागळ माझ्या खांद्यावर.

थोडं चालल्यावर मास्तर थांबले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले, अरुंद बोळात समोरून कोणी आलं की आपण अंग चोरतो तसे. समोर तर कोणी नव्हतं. मागंही मीच.

"काऊन थांबले?"

"काही नाही. चल तू."

पण मी पुढं झाले नाही. मी त्यांच्या मागेच राहिले. मग माझ्या लक्षात आलं की पावलं ऐकू येताहेत ती आमची दोघांचीच नाहीत. आमच्या दोघांच्या मधून कोणीतरी चालत होतं. जड पाय, घासत टाकलेले, जसे आजारी म्हातारे टाकतात. मी स्वतःला समजावलं, कपारीत आवाज घुमतो, मास्तरांनीच कधी सांगितलं असेल. मी थांबले. मास्तरही थांबले. ती पावलं दोन टाकून मग थांबली.

४

"पाणी दे जरा," मास्तर म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी घाईघाईनं छागळ उतरवली. कित्येक महिन्यांनी माणूस पाणी मागत होता!

छागळ रिकामी होती. बूच घट्ट, कापड बाहेरून वाळलेलं. आम्ही दोघांपैकी कोणी एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

मी बूच उघडून उलटी करून दाखवली. "मास्तर, हे काय होऊन राह्यलं? तुमाले मालूम आहे. तुमी मले सांगत नाई."

ते तिथंच लाल मातीत बसले. सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून दगड. मुठीएवढा काळा दगड, एका बाजूनं टवका उडालेला. टवका उडाला होता तिथं आत छोटीशी पोकळी होती आणि त्या पोकळीत हिरवट पाण्यासारखे खडे दाटीनं उगवलेले. इतकं सुंदर काही मी त्यांच्या सगळ्या धोंड्यांत पाहिलं नव्हतं.

"हा आबांचा जीवखडा," मास्तर म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. जीवखडा म्हणजे स्मशानात उचलायचा दगड. त्यानं खांद्यावरचं मडकं फोडतात, आणि मग दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव त्या दगडात असतो असं धरून त्याच्यावर पाणी घालतात. दहाव्याला तो नदीत सोडला की माणूस सुटला. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"मडकं फोडताना त्याचा टवका उडाला," ते सांगत होते, "आणि आत हे दिसलं. या डोंगरात असा खडा सापडतो असं मी फक्त वाचलं होतं, कोकिळा. दहा दिवस त्याच्यावर पाणी घालत होतो आणि पाहत होतो. दहाव्या दिवशी सोडवेना. काठावरचा दुसरा दगड उचलला आणि तो सोडला. म्हटलं, दगड तो दगड. आबांना काय फरक पडतो? आणि हा घरी आणून पिठाच्या डब्याशेजारी ठेवला."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोंडाला येईल ते बोलले. "बापाले तहानेलं ठेवलं तुमी! फळीवर मांडून ठेवलं शोभेले!" मला भीतीपेक्षा रागच जास्त आला होता. तो माणूस शेवटच्या दिवसांत एका घोटासाठी माझा पदर धरायचा, आणि यानं त्याला पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं होतं.

मास्तर मान खाली घालून बसले होते. "रात्री ते माझ्या उशाशी उभे राहतात. काही म्हणत नाहीत. मी पाणी प्यायला लागलो की माझ्या तोंडाकडं पाहतात. मला नाही पिता येत गं."

रागाचं पाणी झालं माझ्या. म्हटलं, "उठा. चला, सोडून या त्याले."

५

कपारीच्या पुढच्या टोकाला दगडगोट्यांची एक घसरण थेट रांजणडोहापर्यंत उतरते. डोह म्हणजे नदीनं खडकात कोरलेला मोठा रांजणच, वरून त्याचं तोंड दिसतं, तळ दिसत नाही. मास्तर म्हणाले, "तू इथं थांब. दगड निसटतात." बसत, सरकत ते उतरून गेले. मी वर बसून पाहत राहिले.

ऊन डोहावर पडलं होतं. मास्तर काठाशी पोचले, उकिडवे बसले, दगड दोन्ही हातांत धरला. बराच वेळ तसेच बसले होते. मी मनात म्हणत होते, सोडा हो, सोडा एकदाचा.

मग मला दिसलं की त्यांच्या शेजारी कोणीतरी पालथं पडून पाणी पितंय. ढोरं पितात तसं, तोंड पाण्यात घालून. मला फक्त पाठ आणि तळपाय दिसत होते. आधी मला वाटलं गुराखी असेल. मग वाटलं, माझी नजर केव्हाची तिथंच आहे, हा आला कधी? आणि एवढा वेळ पाण्यात तोंड घालून कोणी श्वास कसा घेतो?

मी "अहो!" म्हणून ओरडले. तेवढ्यात वरून ढग गेला की काय, डोहावरचं ऊन गेलं. पुन्हा नीट दिसलं तेव्हा दोघंही उठून उभे होते, दोघांचीही पाठ माझ्याकडं, दोघांच्याही अंगात पांढरं. एक जण खडकाच्या पोटाखाली गेला, तिथलं मला वरून दिसत नव्हतं. दुसरा वळला आणि घसरणीवरून चढू लागला.

चढणारे मास्तर होते. सदरा ओला, केस ओले. पायाखाली एकही दगड निसटला नाही. माझ्या जवळून गेले तेव्हा ओल्या कापडाचा वास आला.

"सोडला?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि कपारीतून परतीच्या वाटेला लागले.

"खाली कोन होतं तुमच्यासंगं?"

ते चालतच राहिले. मला वाटलं, बापाला निरोप दिलाय, बोलवत नसेल. मी पदर खोचला आणि मागोमाग निघाले.

६

कपारीत एका ठिकाणी वाट तुटलेली आहे. येताना मास्तरांनी मला हात देऊन ओलांडवलं होतं. आता ते सहज पलीकडं गेले, वळले आणि हात पुढं केला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नाही. चष्म्याशिवाय आमच्या मास्तरांना ताटातली भाजी ओळखू येत नाही. घरात चष्मा सापडला नाही तर भिंत चाचपत येतात. आणि हे त्या अरुंद वाटेवरून दरीच्या कडेनं भराभर चालत आले होते, आता माझ्याकडं सरळ पाहत होते, आणि डोळे एवढेसेसुद्धा बारीक केलेले नव्हते.

"तुमचा चष्मा?"

"पडला," ते म्हणाले.

मी स्वतःला समजावलं. पडला असेल. वाट पायाखालची आहे, चालता येत असेल. माणूस बरा झालाय, ओठसुद्धा ओले दिसतायत, आणि तू काय खोड्या काढत बसलीस कोकिळे? हात पुढं केलाय, धर आणि चल घरी. मी हात उचललासुद्धा.

तेवढ्यात खालून, दरीतून हाक आली.

"कोकिळा!"

आवाज खोल गेलेला, मागच्या बाकापर्यंत न पोचणारा. "कोकिळा, चष्मा पडला माझा. मला काही दिसत नाहीये. तू घाईनं उतरू नकोस, त्या उतारावरचे दगड निसटतात. आधी आवाज दे, कुठं आहेस ते कळू दे."

समोरचा हात तसाच पुढं होता. "घुमतो आवाज," समोरचे म्हणाले. "लक्ष नको देऊ. ये."

मी पाहत राहिले. चेहरा माझ्या नवऱ्याचा. कानाजवळचा तीळसुद्धा जिथल्या तिथं. मी काय करावं? पुढं घर होतं, आणि ज्याच्यासाठी मी इतके दिवस देव पाण्यात घातले, तो धडधाकट समोर उभा होता. खाली एक आंधळा, वाळलेला आवाज होता. पण त्या आवाजाला माझ्या पडण्याची काळजी होती. समोरच्यानं मला अजून 'सांभाळ' म्हटलं नव्हतं.

मी हात मागं घेतला. दरीकडं तोंड केलं आणि जीव खाऊन ओरडले, "ओ! आली मी! हलू नका तिथून!"

मागं वळून पाहिलं. समोरचे रागावले नव्हते. त्यांनी हात खाली घेतला, लाल भिंतीला पाठ लावली, आणि गुडघे पोटाशी घेऊन तिथंच वाटेवर खाली बसले, अगदी सावकाश, कमरेवर हात ठेवून, म्हाताऱ्या माणसासारखे. मग माझ्याकडं पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग येतानी पानी आनजो, माय."

मला माय म्हणणारं माणूस या जगात एकच होतं, आणि त्याच्या तोंडाला शेवटचा चमचा मी लावला होता. मला पळता आलं नाही. ओरडताही आलं नाही. भीती कुठली आणि माया कुठली, हेच समजेना.

"आनतो, मामाजी," मी म्हटलं.

घसरणीवरून मी कशी उतरले मला ठाऊक नाही. मास्तर काठावर बसले होते, चाचपडत, सगळे कोरडे. दगड त्यांच्या मुठीतच होता. "सोडायला हात उघडत नाहीये," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या हातांवर माझे हात ठेवले, चारी हात पाण्यात घातले आणि एकेक बोट सोडवलं. दगड गेला. खाली जाताना हिरवं काहीतरी एकदा चमकलं आणि मग नुसतं काळं पाणी.

"सुटले का गं आबा?" मास्तरांनी विचारलं.

मी वर पाहिलं. काळ्या खडकाच्या सावलीत, लाल पट्ट्यात, वाटेच्या मधोमध काहीतरी पांढरं बसलेलं होतं. माणूस होता की भिंतीवरची पांढरी रेघ, ते तिथून सांगता येईना. मास्तरांना तर ते दिसणारच नव्हतं.

"हाव," मी म्हटलं. "चला आता."

वर जायला वाट एकच होती. मी आधी छागळ काठोकाठ भरून घेतली.